वूफर कुठे ठेवलाय ते कळता कामा नये

घरात दोन बऱ्यापैकी स्पीकर आणि एक स्टिरिओ ॲम्प आहे. आवाज स्वच्छ आहे, गायकाचा श्वासही ऐकू येतो, पण डग्गा नुसता ‘टप’ वाजतो, घुमत नाही. अशा घरासाठी हा लेख आहे. मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत ज्यांना दिवाणखान्यात उभी करायची असेल, त्यांना यातलं फारसं काही लागणार नाही. बाजारातला कुठलाही मोठा बॉक्स त्यांचं काम करेल आणि शेजारी काय करायचं ते करतील.

सब-वूफर घ्यायचा किंवा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो ‘किती इंची?’ आणि दुसरा ‘किती वॉट?’ माझ्या मते हे दोन्ही प्रश्न चौथ्या-पाचव्या क्रमांकावर यायला हवेत. वूफर खोलीत कुठे ठेवला आणि मूळ स्पीकरशी कसा सांधला, यावर निम्म्याहून जास्त निकाल ठरतो. महागडा वूफर चुकीच्या कोपऱ्यात ढबढब करतो आणि साधा वूफर योग्य जागी, योग्य जोडणीने असा काही मिसळून जातो की पाहुणा विचारतो, ‘एवढ्याशा स्पीकरमधून हे कसं येतं?’ तो प्रश्न आला की काम झालं.

आधी नेमकं काय हुकतंय ते पाहू. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर आणि पियानोची शेवटची पट्टी २७.५ वर. शेल्फवर बसणाऱ्या, पाच-साडेपाच इंची वूफरच्या स्पीकरचा आवाज बहुधा ६०-७० हर्ट्झपासून खाली झपाट्याने ओसरतो. तरीही खर्ज ‘कळतो’, कारण आपला कान वरच्या स्वरकांवरून मूळ स्वराचा अंदाज बांधतो. अंगाला मात्र तो लागत नाही. छोट्या स्पीकरकडून हे जबरदस्तीने काढून घ्यायला जाऊ नये. तेवढ्याच जोराने एक सप्तक खालचा स्वर वाजवायचा तर बंद बॉक्समधल्या कोनला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. ॲम्पचं ‘बेस’ बटण उजवीकडे फिरवलं की छोटा कोन याच कामात दमतो आणि त्याच कोनमधून येणारा गायकाचा आवाज गढूळ होतो. सब-वूफरचा मोठा फायदा हाच. तो खालचं ओझं उचलतो आणि वरचं गाणं मोकळं होतं.

आता खोली. सिडकोतल्या एखाद्या फ्लॅटचा हॉल धरू: १५ फूट लांब, १२ फूट रुंद, छत १० फुटांवर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी भिंतींमधल्या अंतराएवढी भरते, तो स्वर त्या दोन भिंतींत अडकून फुगतो. वेगाला अंतराच्या दुपटीने भागलं की तो आकडा मिळतो. या हॉलमध्ये लांबीचा स्वर ३८ हर्ट्झ, रुंदीचा ४७ आणि उंचीचा ५७, मग त्यांच्या दुपटी-तिपटी. याच स्वरांवर खोली बोंबलते आणि मधल्या स्वरांवर गप्प बसते. हॉल १२ बाय १२ असा चौरस असेल तर दोन्ही भिंतजोड्या ४७ वरच एकवटतात आणि बेसचा एकच स्वर सगळ्या गाण्यांत ठोकत राहतो. तुमच्या हॉलचं माप टेपने घ्या आणि हे आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडतील.

इंग्रजी पुस्तकांतले सल्ले इथे जरा जपून घ्यावे लागतात. ते बहुतेक लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पातळ भिंती असलेल्या घरांसाठी लिहिलेले असतात. त्या भिंती खालचे स्वर थोडे गिळतात, थोडे बाहेर सोडतात. आपली घरं वीट-सिमेंटची, वर-खाली स्लॅब, जमिनीवर शहाबादी किंवा टाइल. खर्ज बाहेर फारसा जात नाही. त्यामुळे आपल्याला कमी ताकद पुरते, पण फुगवटे जास्त उंच आणि जास्त वेळ रेंगाळणारे असतात. बारा इंची, पाचशे वॉटचा सल्ला वाचून तसाच आणला तर १५ बाय १२ च्या खोलीत तो पाव ताकदीवरही डोकं उठवतो. जाड पडदे, सतरंजी, भिंतीवरचा फोम यांनी टाळीचा प्रतिध्वनी कमी होतो, बोलणं स्पष्ट होतं. ४० हर्ट्झला त्याने काडीचाही फरक पडत नाही. कोपऱ्यात ‘बेस ट्रॅप’ म्हणून लावायला विकले जाणारे वीतभर जाडीचे फोमचे तुकडे तर घेऊच नका.

मग वूफर ठेवायचा कुठे? यासाठी एक जुनी युक्ती आहे. पाहताना हसू येतं, पण उपकरणांशिवाय यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. तुम्ही जिथे बसून ऐकता तिथे, म्हणजे सोफ्यावरच, वूफर ठेवा. सावकाश चालणारी बेस गिटार किंवा डबल बेस असलेलं एखादं गाणं परत परत वाजत ठेवा. मग जिथे-जिथे वूफर ठेवणं घरच्यांना मान्य आहे अशा जागी जाऊन जमिनीलगत कान न्या. टीव्हीच्या कपाटाशेजारी, खिडकीखाली, भिंतीच्या मध्यावर, कोपऱ्यापासून दोन फुटांवर. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा येईल, त्याला भुलू नका. जिथे बेसचे सगळे स्वर सारख्या जोराचे लागतात, एखादाच उसळत नाही किंवा गायब होत नाही, ती जागा खडूने खूण करून ठेवा. वूफर आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचं वागणं तेच राहतं, या नियमावर ही युक्ती चालते.

आपल्याकडे सोफा जवळजवळ नेहमी भिंतीला चिकटलेला असतो. भिंतीलगत खालचे स्वर फुगतात आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर लांबीचा पहिला स्वर जवळपास नाहीसा होतो. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेता आला तर जे सुधारतं ते कुठल्याही यंत्राने सुधारत नाही. घरात याला परवानगी मिळते का, हा प्रश्न ध्वनिशास्त्राच्या बाहेरचा आहे.

एकाऐवजी दोन वूफर करता आले तर उत्तम. हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली अनेक वूफरांच्या मांडणीवर शोधनिबंध मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन वूफर ठेवले तरी खोलीतल्या वेगवेगळ्या आसनांवरचा फरक बराच कमी होतो, असं त्यात दिसलं. कारण सोपं आहे: दोन्ही भिंतींवरून एकाच वेळी सारखा धक्का बसला की त्या दिशेचा पहिला स्वर उठायचाच थांबतो. एक बारा इंची घेण्याऐवजी दोन आठ किंवा दहा इंची घ्या, हे माझं ठाम मत आहे. शिवाय ८ बाय ४ फुटांच्या एकाच प्लायमध्ये दहा इंचीचे दोन बॉक्स आरामात निघतात.

बॉक्सकडे वळू. प्रकार दोन: पूर्ण बंद, किंवा नळी असलेला. नळीच्या बॉक्समध्ये रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो स्वर निघतो त्याच तत्त्वाने नळीतली हवा एका ठरावीक स्वरावर जोर धरते आणि तिथे ड्रायव्हरला, म्हणजे कोन-कॉइलच्या भागाला, मदत करते. बेल लॅब्जच्या आल्बर्ट थुरास यांना या रचनेचं पेटंट १९३२ साली मिळालं. बंद बॉक्समध्ये आतली हवाच स्प्रिंगचं काम करते. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये त्यावर छोट्या आकाराचा, पण खोल आवाजाचा स्पीकर बाजारात आणला. नळीने तेवढ्याच वॉटमध्ये जास्त आवाज मिळतो, हे खरं. पण नळीची लांबी थोडी हुकली की सूर चुकतो, नळी अरुंद झाली की फसफस ऐकू येते, आणि सुराच्या खाली गेल्यावर कोनला आधार राहत नाही. बंद बॉक्सचा आवाज खालच्या बाजूला हळूहळू ओसरतो आणि आपल्या पक्क्या भिंतींची खोली नेमका तोच भाग उचलून धरते. पहिला बॉक्स करणाऱ्याने बंदच करावा.

बॉक्सचा आकार अंदाजाने ठरवायचा नसतो. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत ड्रायव्हरचे काही आकडे आणि बॉक्सचं आकारमान यांचं गणित बांधून दिलं. चांगल्या ड्रायव्हरच्या कागदावर ते आकडे छापलेले असतात: एफएस, क्यूटीएस, व्हीएएस. हे तीन नसतील तर तो ड्रायव्हर घेऊ नका, दुकानदार कितीही ‘ओरिजिनल माल’ म्हणो. बंद बॉक्ससाठी क्यूटीसी, म्हणजे ड्रायव्हर बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यू, ०.७ च्या आसपास ठेवायचा. ०.७०७ ला क्यूटीएसने भागा, येणाऱ्या संख्येचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि व्हीएएसला त्याने भागा. लिटरमध्ये आकारमान हाती येतं. उदाहरणार्थ एफएस २८, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ६० लिटर असलेला दहा इंची ड्रायव्हर. ०.७०७ भागिले ०.४५ म्हणजे १.५७, त्याचा वर्ग २.४७, एक वजा करून १.४७, आणि ६० भागिले १.४७ म्हणजे साधारण ४१ लिटर. त्या बॉक्समध्ये ड्रायव्हरचा स्वर २८ ला १.५७ ने गुणून ४४ हर्ट्झवर येईल. आतली मापं ३५ बाय ३५ बाय ३६ सेंटिमीटर धरली तर ४४ लिटर होतात. ड्रायव्हरची पाठ आणि आतले आधार यांचे तीनेक लिटर वजा झाले की हिशेब जुळतो.

गाडीत बसवायचे वूफर आपल्या शहरात सहज मिळतात आणि त्यातले बरेच बंद बॉक्सला चालतात. फक्त दोन गोष्टी बघा: गाडीच्या ड्रायव्हरचा रोध सहसा ४ ओहम किंवा त्याहून कमी असतो, तेव्हा तुमचा ॲम्प तो पेलतो का, आणि दोन कॉइलचा ड्रायव्हर असेल तर दोन्ही कॉइल जोडायच्या, एक मोकळी सोडायची नाही.

लाकूडकाम सुताराकडून करून घेत असाल तर त्याच्याशी मापांची बोली आधी पक्की करा. सुतार सूत आणि इंचात विचार करतो, आपला कागद मिलिमीटरमध्ये असतो. १८ मिलिमीटरचा प्लाय त्याच्या लेखी ‘सहा सूत’, म्हणजे पाऊण इंच, आणि पाऊण इंच १९ मिलिमीटरला टेकतो. कपाटात हा एक मिलिमीटर खपून जातो. सहा फळ्यांच्या बॉक्समध्ये कोपऱ्याला फट राहते आणि बंद बॉक्समध्ये फट म्हणजे सगळंच गेलं. त्यामुळे फळ्या प्लायच्या दुकानातल्या किंवा कारखान्यातल्या पॅनेल सॉवर एकाच वेळी कापून घ्या, सुताराकडे फक्त जुळवणी द्या. एमडीएफ एकसंध असतो, कापायला सोपा असतो आणि त्यात पोकळ्या नसतात; पण पावसाळ्यात ओल लागली की कडा फुगतात आणि स्क्रू एकदा निघाला की परत धरत नाही. त्याची धूळ छातीला वाईट, कापताना मास्क लावा. मी बीडब्ल्यूपी प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, घ्यावा असं म्हणेन. स्वस्त कमर्शियल प्लायच्या थरांत पोकळ्या असतात आणि नेमक्या त्याच पुढे किरकिर करतात. घेण्याआधी फळीवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक करा. आवाज मध्येच पोकळ झाला तर दुसरी फळी मागा.

समोरची फळी दुहेरी करा. आत मध्यावर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाणारा आडवा आधार द्या, त्याला मोठी भोकं पाडून हवेला वाट ठेवा. सांध्यांना भरपूर फेव्हिकॉल आणि स्क्रू. वाळल्यावर आतून प्रत्येक कोपऱ्यात पुन्हा फेव्हिकॉल आणि लाकडाच्या भुशाची लुकण ओढा. ड्रायव्हर लाकडी स्क्रूने बसवू नका, टी-नट आणि बोल्ट वापरा, आणि कडेखाली दरवाज्याला लावतात ती फोमची पट्टी घाला. आत रेक्रॉन सैलसर भरा. उशा करणाऱ्याकडे तो किलोवर मिळतो. कापूस नको, तो खाली बसतो आणि त्यात किडे होतात. शेवटी परीक्षा: कोन दोन्ही हातांच्या बोटांनी मधोमध हळूच आत दाबून सोडा. सावकाश परत आला तर बॉक्स हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे; साबणाचं पाणी लावून शोधा.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात गेला असाल तर वरच्या दगडी फासळ्या आठवत असतील. लाकडी छताची हुबेहूब नक्कल, म्हणून त्याला ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. तिथे कुणी खालच्या स्वरात ओंकार लावला की तो किती वेळ रेंगाळतो ते एकदा ऐका. तिथे तेच हवं असतं. आपल्या बॉक्सने मात्र स्वतःचा आवाज अजिबात काढायचा नसतो, आणि वरची सगळी आधार-फेव्हिकॉलची उठाठेव त्यासाठीच.

ॲम्प वेगळा ठेवायचा की बॉक्सच्या पाठीला बसवायचा? पाठीला बसवायचे तयार प्लेट ॲम्प सुटसुटीत असतात; त्यात आवाज, फेज आणि क्रॉसओव्हर (स्पीकर आणि वूफर यांनी स्वर कुठे वाटून घ्यायचे ती सीमा) यांची बटणं असतात. पण मे महिन्यात इथे पारा ४२ च्या घरात जातो आणि बंद बॉक्समध्ये ॲम्पची उष्णता कोंडते, शिवाय कोनचे हादरे त्याच्या सोल्डरिंगला बसतात. बसवायचाच असेल तर आत वेगळा कप्पा करून तो हवाबंद ठेवा. मला बाहेर ठेवलेला, पत्र्याच्या डब्यातला क्लास-डी ॲम्प जास्त पटतो. बंद हॉलला १५० ते २०० खरे वॉट पुरे. ‘५००० वॉट पीएमपीओ’ लिहिलेला डबा दुकानातच राहू द्या. पॉवर सप्लाय घरी जुळवायच्या फंदात मात्र पडू नका. आपल्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायच्या आत सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात. तयार, बीआयएस नोंदणीचा सप्लाय घ्या, डब्याला अर्थिंग द्या, फ्यूज घाला. आपलं शहर एकेकाळी टीव्हीचं शहर होतं. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता आणि बझूका, बझूम्बा ही टीव्हीची नावंच धडाड्याची होती. तेव्हापासून सोल्डरिंग गन हातात असलेला एखादा जुना कारागीर ओळखीत असेल, तर या टप्प्यावर त्याला चहाला बोलवा.

जोडणीच्या तीन वाटा आहेत. ॲम्पला ‘सब आउट’ असेल तर एक आरसीए वायर लावली की झालं. फक्त ‘प्री आउट’ असेल तर डावा-उजवा दोन्ही वूफरच्या ॲम्पला द्या. दोन्ही नसतील तर स्पीकरच्याच टर्मिनलवरून वूफरच्या ‘हाय लेव्हल’ इनपुटला समांतर वायर न्यावी लागते. ही वाट चांगली आहे, फक्त तुमचा स्टिरिओ ॲम्प छोटा क्लास-डी असेल तर थांबा. अशा अनेक ॲम्पांत स्पीकरचं काळं टर्मिनल जमिनीला जोडलेलं नसतं, तेही लालसारखंच ‘जिवंत’ असतं. ते वूफरच्या ग्राउंडला टेकलं की ॲम्प जळतो. दोन्ही उपकरणांचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय ही वायर लावू नका.

बरेच जण इथेच थांबतात: वूफर जोडला, पण मूळ स्पीकर अजून पूर्वीसारखाच खालचे स्वर वाजवायच्या खटपटीत. म्हणजे ओझं उतरलंच नाही. स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं पाठवायचंच नाही, याची सोय करा. काही जुन्या ॲम्पांच्या पाठीला ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ यांना जोडणारी धातूची क्लिप असते. ती काढून मध्ये प्रत्येक चॅनेलला एक फिल्म कपॅसिटर घातला की झालं. मेन इनचा रोध २० किलोओहम असेल तर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बरोब्बर ८० हर्ट्झवर कात्री लावतो. किंमत चहा-भज्यांएवढी. उतार सौम्य असतो, पण फरक पहिल्याच आलापात कळतो. नीटनेटकं काम हवं तर डीएसपीचा छोटा डबा घ्या, मिनीडीएसपीसारखा; त्यात दोन्ही बाजूंना २४ डेसिबलचा लिंकविट्झ-रायली उतार लावता येतो.

क्रॉसओव्हर कुठे ठेवायचा? पाच इंची स्पीकरना ८०, साडेसहा इंचींना ६० ते ७०. शंभरच्या वर गेलात तर निवेदकाचा आवाज वूफरमधून येऊ लागतो आणि वूफर कुठे आहे ते कान दाखवून देतात. आकाशवाणीचं बातमीपत्र लावून बघा. वाचणाऱ्याची छाती अचानक भरली, तो माठात तोंड घालून बोलतोय असं वाटलं, तर क्रॉसओव्हर खाली आणा किंवा वूफरचा आवाज कमी करा.

फेजचं बटण बहुतेकांनी कधी हलवलेलंच नसतं. दोन ठिकाणांहून येणारा ८० हर्ट्झचा स्वर कानाशी एकत्र पोचला तरच जोर येतो. त्याची तरंगलांबी ४.३ मीटर, म्हणजे वाटेत दोन मीटरचा फरक पडला की एकाचा फुगा तिथे दुसऱ्याचा खळगा, आणि नेमका सांध्याचा स्वर गायब. हे जुळवायची पद्धत उलटी आहे. दोन्ही स्पीकरच्या वायरी मुद्दाम उलट लावा, लाल जागी काळी. ८० हर्ट्झचा सलग स्वर फोनवरून वाजवा. एकाला सोफ्यावर बसवा, दुसऱ्याने वूफरचं फेजचं बटण हळूहळू फिरवायचं. आवाज सर्वांत बारीक होईल तिथे थांबा. कानाला वाढलेलं ओळखण्यापेक्षा बुडालेलं ओळखणं सोपं जातं. मग ॲम्प बंद करून वायरी परत सुलट करा. बुडालेला स्वर आता पूर्ण जोराने उभा राहतो. डीएसपी असलेला वूफर स्वतः काही मिलिसेकंद उशीर करतो, हेही लक्षात ठेवा. एक मिलिसेकंद म्हणजे ३४ सेंटिमीटर. त्यामुळे कधी-कधी स्पीकरनाच थोडा उशीर द्यावा लागतो.

मोजणी करायची हौस असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे संगणकावरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सोबत कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी माइक लागतो. फोनच्या ॲपवर खालच्या स्वरांसाठी फार विसंबू नका. आलेख निघाला की सुरुवातीला लिहून ठेवलेले ३८, ४७, ५७ काढून बघा. डोंगर तिथेच दिसतील. डोंगर डीएसपीने कापता येतात आणि कापावेतच. दऱ्या भरायचा मोह आवरा. दरी म्हणजे भिंतीवरून परतलेला आवाज थेट आवाजाला मारतोय. तुम्ही जेवढं वाढवाल तेवढाच परतीचाही वाढतो, आणि ॲम्प फुकट दमतो. दरीवर उपाय वूफर सरकवणं किंवा दुसरा वूफर.

आवाजाची पातळी शेवटी कानानेच ठरवायची. कानाची खालच्या स्वरांतली ऐकू येण्याची सीमाच उंच असते: ३१.५ हर्ट्झचा स्वर साधारण ६० डेसिबलच्या खाली ऐकूच येत नाही. त्यामुळे ती सीमा ओलांडली की थोड्याशा वाढीनेही आवाज एकदम मोठा भासतो आणि बटण हलवताना आपण हमखास जास्त वळवतो. वूफर ‘छान ऐकू येतोय’ असं वाटलं की तिथून थोडं मागे या. तंबोऱ्यावर ख्याल लावा. खर्जाची तार प्रत्येक फेरीत सारखीच लागली पाहिजे. पखवाजावरचा अभंग लावा. डाव्या बाजूचा ‘घे’ उठून लगेच मिटला पाहिजे, पुढच्या मात्रेवर सांडता कामा नये. ‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसला पूर्ण वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झालं, त्यातल्या संथ तंतुवाद्यांच्या जागा लावून डबल बेस स्पीकरांच्या रेषेतून येतात की वूफरच्या दिशेने, ते तपासा. जुन्या हिंदी गाण्यांवर परीक्षा घेऊ नका, त्यांच्या ध्वनिमुद्रणात एवढं खालचं फारसं नसतंच.

गुणगुण येत असेल तर कारण बहुतेक वेळा अर्थिंगचं वर्तुळ असतं. केबलचा सेट-टॉप बॉक्स काढून बघा. आवाज थांबला तर गुन्हेगार तोच. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकायचा ‘रामबाण’ सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. पत्र्याच्या डब्यात शॉक बसू शकतो. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घर चालू झालं की ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प भुणभुणतो. लाइट येईपर्यंत वूफर बंद ठेवावा. आणि मोजणी किंवा फेजचं काम नळाला पाणी येण्याच्या दिवशी काढू नका. आपल्याकडे तो दिवस आठवड्यात कधीतरीच येतो आणि त्या तासा-दीड तासात गल्लीभर मोटारी सुरू असतात. व्होल्टेजही नाचतं आणि माइकवर मोटारींचाच आलेख उमटतो.

शेजारधर्माचं काय? रो-हाऊसला सामायिक भिंत, फ्लॅटला सामायिक स्लॅब. वूफरखाली रबराच्या जाड चकत्या घातल्या की फरशीतून जाणारा कंप कमी होतो, पण हवेतून जाणारा ४० हर्ट्झ भिंत पूर्णपणे अडवत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती कानाच्या संवेदनेनुसार मोजली जात असल्याने खर्ज त्या आकड्यात कमीच धरला जातो. म्हणजे मीटर नियमात असेल आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांडणीतली भांडी तरीही वाजत असतील. एकदा त्यांच्या घरी जाऊन, आपल्याकडे गाणं चालू ठेवून, स्वतः ऐकून या. मग त्या पातळीवर वूफरच्या बटणाला परमनंट मार्करने खूण करा, रात्री दहानंतरची.